शिल्लक नग

टेलिफोन खात्याने स्वेच्छानिवृत्तीचे पैसे दिले
त्या वर्षी मी कासवं घ्यायला लागलो.
एका कासवाचं वजन एकतीस ग्रॅम आणि वर एक कण,
शुद्धता नऊशे नव्याण्णव,
जन्म कुठल्याशा बेटाच्या टांकसाळीत.
ते बेट नकाशात सापडायला मला दोन दिवस लागले.
काढलेले नग : दोन हजार.
पुढे साचा मोडला, असं प्रमाणपत्र म्हणतं.

फोर्टात पोटमाळ्यावरच्या दुकानात
होशंगशेठनी चिमट्यात धरून पहिलं दाखवलं.
"चांदी तर कोणी पण घेते, डिकरा.
तू कमीपणा घे. कमीपणाला व्याज असते."
त्यांना दुर्मिळपणा म्हणायचं होतं,
पण मला ते तसंच पटलं.
छत्तीस वर्षं मी तांब्याच्या तारांच्या जोड्या मोजल्या,
लाखांनी होत्या,
एकीलाही कुणी नावाने विचारलं नाही.

चेंबूरची हवा चांदीला मानवत नाही.
रात्री माहुलकडून वारा आला
की बंद डबीतसुद्धा कडेला पिवळी रेघ उमटते,
मग तपकिरी,
मग गाभुळलेल्या चिंचेसारखी.
मी सिलिका जेलच्या पुड्या जमवतो
चपलांच्या खोक्यांतून, गोळ्यांच्या बाटल्यांतून;
सोसायटीत सगळ्यांना सांगून ठेवलंय,
फेकू नका.

गौरींच्या आदल्या दिवशी मी दातांच्या डॉक्टरकडे,
आणि इकडे निरुपमाने
निरांजन, अत्तरदाणी, पेल्यांच्या जोडीने
अकराव्या क्रमांकाचं कासव
दंतमंजनाने लख्ख घासून ठेवलं.
"केवढं काळं पडलं होतं," ती म्हणाली,
ओले हात पदराला पुसत.
घासलेलं नाणं संग्राहकाच्या लेखी मेलेलं असतं
हे मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही.
दुसऱ्या दिवशी सांगितलं,
आणि तेही नीट नाही.

यंदा चांदी इतकी चढली
की नुसत्या धातूने कमीपणाला गाठलं.
होशंगशेठ फोन उचलेनात.
मेलेलं तेवढं मोडावं म्हणून मी
झवेरी बाजारात गेलो, तिसऱ्या मजल्यावर,
जिन्यात तेजाबाचा वास,
वर विट्याकडचा सर्जेराव गलाईवाला
मांडी घालून मूस तापवत बसलेला.
त्याने कासव डबीतून काढलं,
फरशीवर टाकून कान दिला.
"माल चोख आहे. वजनाचा भाव देतो."
"जगात दोनच हजार आहेत ही," मी म्हणालो.
"असतील की.
पण साहेब, मूस चित्र बघत नाही."
मग फुंकणी बाजूला ठेवत, सहज :
"सकाळी अशीच चार आलती. ह्याच नक्षीची.
गेली आत."
सांडशीने त्याने दाखवली
निवत पडलेली लगड.
तिच्या पाठीवर एकही खवला नव्हता.

मी कासव परत मागितलं.
"का हो, भाव नाही पटला?"
काय सांगणार.
चार वितळली म्हणजे माझं महाग झालं,
आणि ते त्यानेच केलं होतं;
खरं तर मीच त्याची दलाली लागत होतो.

डबी त्याच्या फळीवर राहिली.
खिशात किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांत
कासव खुळखुळत भुलेश्वरपर्यंत आलं.
सहा वर्षांत पहिल्यांदा
उघड्या अंगठ्याने मी त्याची पाठ चाचपली.
तेरा खवले.
रसवाल्याच्या घुंगरांशेजारी उभं राहून पुन्हा मोजले,
तेराच.

रात्री वहीत
'एकूण नग' ह्या रकान्यातले दोन हजार खोडून
एक हजार नऊशे शहाण्णव लिहिले.
पेन्सिलीने.
निरुपमा खांद्यावरून वाकून बघत होती.
"अकरावं कुठंय?"
"खिशात."
"आण इकडे. बोटांचे डाग पडले असतील,
पुसून देते."

मी दिलं.