खुर्ची नंबर चार

पहिला शब्द दाक्षायणी सिस्टरनं दिला, तोही घाईत,
दारात उभ्या उभ्या, हातमोजे चढवताना:
नोवु. म्हणजे दुखणं.
सुई टोचण्याआधी म्हणायचं, स्वल्प नोवु.
मला तेवढ्यानंही धीर आला,
पोथीतला 'स्वल्प' असा ओपीडीच्या बोळात भेटला म्हणून.

अरसीकेरेचं तालुका रुग्णालय, डायलिसिसच्या पाच खुर्च्या,
खिडकीबाहेर रेल्वेचं यार्ड, वाळत घातलेल्या खोबऱ्याचा वास.
माणसं आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास बसतात.
रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.
तेवढ्या वेळात एखादी भाषा सहज होईल
असं चार नंबरच्या करिबसप्पांचं मत पडलं.

एकतीस वर्षं कंडक्टर होते. त्यांचं व्याकरण
तिकिटांच्या पेटीतून निघायचं.
चिल्लरे कोडि. सुटे द्या.
त्याच कोडिला मी हात जोडला: कै कोडि.
हात द्या. डावा, फिस्टुलाचा.
मुंदे होगि, मुंदे होगि, पुढे सरका, पुढे सरका.
मी म्हटलं, इथे कुणाला कुठे सरकवू?
त्यांनी छताकडे बोट केलं
आणि पाचही खुर्च्या हसल्या.

वहीत मी एष्टु लिहिलं. किती?
वाचताना माझा ए लांबायचा.
त्यांचा ए तोकडा, उघडल्या उघडल्या मिटणारा,
आपल्या लिपीत त्याला अक्षर नाही.
मी शेजारी पेन्सिलीनं एक रेघ मारली:
इथे थांबू नये.

मुबीन ताजना मी ताई म्हटलं
तर करिबसप्पा इतके गदगदून हसले की मशीनचा भोंगा वाजला.
तायि म्हणजे आई.
माझ्याहून दोन वर्षांनी लहान बाई, क्षणात माझी आई झाली,
आणि झाली ती झालीच.
तेव्हापासून आल्या आल्या विचारते, ऊट आयिता?
जेवलीस का?
मी म्हणते, आयितु. जेवले नसले तरी.
खोटं बोलण्याइतकी भाषा आता येते मला.

सगळ्यात अवघड शब्द सगळ्यात सोपा होता.
नीरु.
दिवसाला अर्धा लिटर, गोळ्या गिळायचं धरून.
एप्रिलात करिबसप्पा म्हणायचे, नीरु बेकु.
बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको.
आदल्याच आठवड्यात त्यांनी घोकून घेतलं होतं,
बाजारात भाजीवालीपुढे अडायला नको म्हणून.
ते मी त्यांच्यावरच चालवलं. नीरु बेड.
ओठांवरून जीभ फिरवून ते म्हणाले, सरि.
बरोबर.
मग मी बर्फाचा एक खडा दिला.
खड्याला काय म्हणतात ते विचारायचं राहिलंच.

एका मंगळवारी संध्याकाळी वीज गेली.
जनरेटर उठेना, मशीनची बॅटरी आधीच थकलेली,
रक्त नळीत अर्ध्यावर उभं.
मी हँडल बसवलं आणि हातानं पंप फिरवू लागले.
ओंदु, एरडु, मूरु.
एरडुचा ए आपोआप तोकडा निघाला.
अंधारात करिबसप्पा काहीतरी म्हणाले.
मी मनातल्या मनात वही उलटली. बस, बाजार, दुखणं.
सापडेना.
ते पुन्हा म्हणाले.
भय.
भय आगत्ते.

हा शब्द मला कुणी शिकवला नव्हता.
दोघांकडे आधीपासून होता, म्हणून
वहीत घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

उत्तर मात्र मलाच जुळवावं लागलं,
पहिल्यांदाच, त्यांच्या तिकिटाशिवाय:
नानु इल्लि इदीनि.
मी इथे आहे.
इद्दीनि, ते म्हणाले, द वर जोर देत.
म्हणजे शुद्धीत होते.
इद्दीनि, मी म्हटलं, आणि फिरवत राहिले.

किती वेळ, ते मोजलं नाही. मूरुच्या पुढे
मला नीट येतही नव्हतं.
जनरेटर खोकला. दिवे आले.
करिबसप्पांनी मोकळ्या हातानं
खुर्चीची दांडी दोनदा ठोकली.
रैट. रैट.