अर्थ

पौषातली पहाट. बांधावर धुकं इतकं
की म्हशींची फक्त शिंगं रस्ता ओलांडत होती.
अर्जुनीच्या बाजूने इस्तारी दिघोरे आला,
गाडीत बसून नाही, गाडी ढकलत.
सोबत मच्छी सोसायटीची पाच पोरं,
वर बर्फात दोन क्विंटल रोहू-कतला.

"काहून गा, पुन्हा?"
"पुन्हा."
"दिवा?"
"लागते. मंग इजते. मंग नुसती खोकते बुढ्यावानी."

इंजिनाच्या नाकात एक जाळी असते, तळहाताएवढी.
आत जाणारी हवा तिच्यावर शेकून घ्यायची,
मग डिझेल पेटतं.
वैशाखात तिची कुणाला आठवण येत नाही.
साकोलीवाल्याने ही जाळीच बदलली.
भंडाऱ्याच्याने रिले. मग पुन्हा रिले.
नऊ हजार गेले, आणि रोज सकाळचा लिलाव.

मी मीटर काढलं. बॅटरी : बारा पॉइंट चार.
फ्यूज धड.
रिलेने टक् केलं, म्हणजे हुकूम पोचतोय.
जाळीची तार सोडवून टोकाला लावलं : बारा पॉइंट तीन.
"मीटर तं म्हन्ते सप्पा बरोबर हाये," गोल्या म्हणाला.
मीटर खोटं बोलत नाही रे,
पण विचारलं तेवढंच सांगतं.
मोकळ्या तारेवर कुणीही बारा व्होल्ट असतो.

तार परत जोडली. "धर किल्ली. सोडू नको."
एक टोक जाळीच्या परतीच्या बोल्टवर,
दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकावर.
इथे शून्य दिसायला पाहिजे.
नऊ.
नऊ व्होल्ट घरी परतायच्या वाटेवरच बसून राहिलेले.

आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे जमीन.
शाळेत गुरुजी म्हणायचे, कवितेचा अर्थ लिहा.
मला दहापैकी दोन.
इथे मात्र मी गाडीखाली उताणा,
दातात टॉर्च, पाठीखाली गार गिट्टी,
आणि बोटाने तारेचा माग काढत जातो :
जाळीपासून खाली, बॅटरीच्या खुर्चीमागून,
चासीला वेल्डिंग केलेल्या पट्टीपर्यंत.
बोल्ट घट्ट. चकचकीत.
कुणाही मेकॅनिकने हलवून "ठीक" म्हणावं असा.

खोलला.
थिंबळीखाली रंगाचा गोल, जराही न खरवडलेला,
पाण्यासारखा गुळगुळीत.
हिरवा.

हा हिरवा मला ओळखीचा होता.
पोळ्याच्या आधी पट्टी तुटली होती,
वेल्डिंग मीच केलं होतं,
आणि गंजू नये म्हणून डब्यात उरलेला रंग फासला.
वाळायच्या आधीच बोल्ट कसला,
कारण इस्तारीला घाई होती.
नाही. मला होती. रात्री कबड्डीची फायनल होती.

गाडीखालून लगेच बाहेर आलो नाही.
वर पोरं तळव्यावर तळवा घासत होती,
बर्फाचं पाणी फळीतून माझ्या कानाशी टपटपत होतं.

मग पॉलिश पेपर घेतला.
घासत गेलो, हिरव्याखालून लाल,
लालखालून लोखंड उघडं होईपर्यंत.
दातेरी वायसर. वरून बोटभर व्हॅसलिन.
"धर आता."
हेडलाइट जराशी मंदावली,
म्हणजे कुणीतरी खरंच जेवायला बसलंय.
मीटरवर शून्य पॉइंट एक.
दिवा विझेस्तोवर थांबलो, आणि पहिल्याच सेल्फात
गाडी उठली, न खोकता.

पोरं ओरडली. इस्तारीने टोपी काढून परत घातली.
"का होतं गा?"
"अर्थ भेटत नव्हता."
"किती झाले?"
"राहू दे."
"राहू दे कसा? साकोलीवाल्यानं तं..."
"राहू दे म्हन्लं ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं.
मग बर्फात हात घालून एक मरळ काढली,
ऐरणीवर ठेवली. तिचं तोंड अजून उघडमीट करत होतं.
पोरं वर चढली.
गाडी वळवताना हेडलाइट
माझ्या दुकानाच्या फाटकावर आली,
पोळ्याआधी रंगवलेल्या, हिरव्या,
आणि थांबली. थांबली असं मला वाटलं.
मग रस्त्याला लागली.