पाठीवरचा भाता

हलमध्ये, चॅपलच्या मागच्या हॉलात
गुरुवारी संध्याकाळी टेबलावर हिरवं कापड पडतं.
एल्विन वाकून बघतो: बोटाएवढी पलटण,
सगळे गॉब्लिन करडे, सगळ्यांचेच दात बाहेर.
"यातले भालेवाले कुठले गं?"

"बुडाच्या चकतीची कड बघा," टॅमसिन सांगते. वय बारा.
"लाल म्हणजे भाला, पिवळी म्हणजे धनुष्य.
काळी असेल तर त्याच्या वाटेलाच जाऊ नका."

तो मान हलवतो.
नजरेच्या मधोमध आताशा नुसतं धुकं,
लाल काय नि पिवळं काय.
मग ट्रॉलरची जाळी सांधून निबर झालेला अंगठा
हळूच फिरवतो एकेकावरून.
टोचला, तो भाला.
पोट फुगलेली, ती ढाल.

हा एक मात्र मनगटापाशीच संपलेला.
"बसमध्ये पडला होता. धनुष्य गेलं."
"आणि कडेचा रंग?"
"तोही उडाला."
"मग आता हा कोण?"
टॅमसिन नियमांची वही चाळते. त्यात असलं काही नाही.

अंगठा पाठीवर जातो, थबकतो.
तीन बारीक उंचवटे.
बाणांची पिसं.

"तिरंदाज," एल्विन म्हणतो,
आणि चाचपत त्याला ठेवतो
टेकडीवर,
जिथून लांबचं दिसतं.