हलका हात

बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला,
दुसऱ्या मजल्यावर माझा दवाखाना.
गुरुवारी वीज जाते, खुर्ची वर-खाली होत नाही,
मग आम्ही दोघी खिडकीत चहा पितो.
मी आणि शकुंतला ओव्हाळ.

एकोणीस वर्षं ती माझ्या डाव्या हाताला उभी आहे.
लाळ ओढायची नळी कुठे टेकवायची
ते मी शिकवलं, पहिल्या आठवड्यात.
उरलेलं तिला कुणी शिकवलं, ठाऊक नाही.
मी हात पुढे केला की अवजार तळव्यात येतं,
कधी कधी मी ठरवायच्याही आधी.

हल्ली माझा अंगठा मधूनच बधिर होतो.
खालच्या दातांच्या आतून, जिथे कीटण
सिमेंटसारखं बसतं, तिथे परवा हात घसरला.
हिरडीवर रक्ताचा एक ठिपका.
पेशंटला कळलं नाही.
शकुंतलाने कापूस पुढे केला, माझ्याकडे न बघता.
ते न बघणं मला लागलं.

काल चंपाबाई आल्या, मेथीच्या गाळ्यावरच्या.
चाळीस वर्षांची मिश्री, दात तव्याच्या बुडासारखे.
म्हणाल्या, "ह्या बाईलाच करू द्या की.
हात हलका हाय तिचा."
मी हसले. शकुंतला हसली नाही.

कायदा मला पाठ आहे.
ज्याचं नाव रजिस्टरात, त्यानेच दात घासून द्यायचे.
त्यासाठी कोर्स, कोर्ससाठी बारावी सायन्स,
आणि शकुंतला दहावी, तीही रात्रशाळेची.
कायदा चुकीचा आहे असंही म्हणवत नाही.
हिरडीखाली चार मिलिमीटरवर काय दडलेलं असतं
ते मी शिकलेय, ती नाही.
रक्त पातळ करायची गोळी घेणारे आजोबा
"काही नाही हो" म्हणतात,
तेव्हा दुसऱ्यांदा विचारावं लागतं.
दुसऱ्यांदा विचारते
ती शकुंतलाच.

तरी काल मी दार लोटलं,
स्केलर तिच्यासमोर धरला.
"फक्त वरवरचं. हिरडीला लावू नकोस."
तिने घेतला, टोक दिव्याकडे धरून पाहिलं,
आणि ट्रेमध्ये परत ठेवला,
माझ्या उजव्या हाताला येईल असा.
"मॅडम, काही झालं तर तुमचं नाव जाईल.
माझं कुठे लिहिलेलंच नाही, ते जाणार कसं?"
मग जरा थांबून,
"आणि पगार तोच ना?"

मी उत्तर दिलं नाही. मोजे चढवले.
तिने चंपाबाईंचा गाल अलगद बाजूला धरला,
पाऊण तास, न हलता.
मनगट ठणकत होतं.
चंपाबाईंनी चूळ भरली, आरशात दात पाहिले,
आणि शकुंतलाच्या डोक्यावरून हात फिरवून
कानशिलावर बोटं मोडली.

रात्री औषधांची चिठ्ठी लिहायचा कागद समोर होता.
वर माझं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक.
तळाशी बारीक अक्षरात
"वेळ घेण्यासाठी", आणि पुढे एक मोबाईल नंबर.
तो तिचा आहे.
नुसता नंबर.