बावीस मिनिटं अंधार

सीताबर्डीच्या दुकानात बोकडे काउंटरवर डबे मांडतो.
"ही चार टीबीची, ही आठची. वारंटी तीन वर्षं, काकाजी."
वारंटी डिस्कची का आतल्याची?
तो हसतो. "आतलं तुमचं."

आतलं माझं.
एक्केचाळीस कॅसेटी, कोराडीच्या क्वार्टरमधून
तीन बदल्या सोसून आलेल्या,
काहींच्या कडेला बुरशीचे पांढरे ठिपके.
महिनाभर रात्री बसून संगणकात उतरवल्या.
तासाच्या कॅसेटीला तासच लागतो,
जुना काळ जुन्याच चालीनं उतरतो.

ऋजुता पुण्याहून म्हणते, बाबा, क्लाऊडवर टाका सगळं.
मे महिन्यात, नागपुरात,
ढगावर भरवसा ठेव म्हणते पोरगी!
शिवाय दरमहा पैसे. मी गेल्यावर कोण भरणार,
हे फोनवर बोललो नाही.
म्हटलं, पासवर्ड विसरतो गं मी.

डोंगरवार म्हणाले, शंभर वर्षं टिकणाऱ्या तबकड्या निघाल्यात.
टिकतील हो.
त्या वाचणारं यंत्र टिकेल?
या कॅसेटी चालवणारा कॅमेरा शोधत
मी इतवारी ते जरीपटका पायताण झिजवलं.

लोखंडी कपाटाला दुपारी हात लावला तर चटका.
कूलरच्या खोलीत ओल.
ऊन नको, ओल नको, धक्का नको,
बाळंतिणीची खोली शोधावी तसा घरभर फिरलो.

सतराव्या कॅसेटीत बावीस मिनिटं काहीच नाही.
लेन्सवर झाकण तसंच, कॅमेरा चालू.
काळं, नुसतं काळं.
त्यात कुणाची सायकल, वड्या वाळल्या का याची चौकशी,
आणि कुंदा:
"बंद केला का तो? सेल जाईल नं उगाच."
ऋजुता म्हणाली, हे कापा, जागा वाचेल.
हिशेब केला. पावणेपाच जीबी.

शेवटी दोन डिस्का घेतल्या, दोन कंपन्यांच्या,
एकाच साथीत दोघी जायला नकोत.
एक फडताळात, तांदळाच्या डब्यामागं.
एक सावनेरला मेहुणीकडे.
तिला एवढंच सांगितलं, उन्हात ठेवू नको.

नुसत्या ठेवूनही चालत नाही म्हणे.
वर्षाकाठी एकदा लावायच्या, फिरवायच्या,
लोणच्याची बरणी खालवर करतात तशा.
पाच वर्षांनी नव्या डिस्कवर.
त्यापुढं कुणी, ते चिठ्ठीत लिहून
डब्याला चिकटवलंय.

दिवस ठरवला मारबतीचा.
रस्त्यावरून आरोळी येईल, रोगराई घेऊन जा गे मारबत,
मी आत वायर जोडत पुटपुटेन,
बुरशी घेऊन जा, गंजही ने.
मग आधी सतरा नंबर.
पडदा काळा होईल. सायकल जाईल.
कुंदा विचारेल, बंद केला का तो?

नाही गं. चालू आहे.
जाऊ दे सेल.