अकरा रुपयांचा फरक

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, गाळा नंबर एकसष्ट,
टेबलावर दोन चिपा.
एक बत्तीस बिटांची, बोलघेवडी,
कॅमेरा सांभाळीन म्हणते, पडदा उजळीन म्हणते.
दुसरी तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी.
तिला येतं एवढंच: मोजायचं, सांगायचं, झोपायचं.

किरीटभाई म्हणतात, मोठी घ्या ने बेन,
फरक अकरा रुपयांचा.
उद्या साहेबांनी फोटो मागितला तर?
मी म्हणते, उद्याचं सोडा,
तिसऱ्या पावसाळ्याचं बोला.
पुलाच्या पोटाला चिकटवलेल्या डबीचा सेल बदलायला
शिडी कोण लावणार?
खाली विश्वामित्री. विश्वामित्रीत मगरी.
ते हसतात, चहा बशीत ओततात.

रात्री मीटर लावून बसले.
कागद म्हणतो, झोपेत दोन मायक्रोअँपिअर.
मीटर म्हणतो, तीनशे चाळीस.
कागदावर सगळ्यांनाच गाढ झोप लागते.
एक वाजता सापडला बोर्डावरचा हिरवा दिवा,
मी चालू आहे, मी चालू आहे,
एवढंच सांगायला जळणारा.
उपटला. एकोणीस.
मग एक पाय, कशालाच न जोडलेला,
हो नाही, नाही हो करत
धरसोडीतच सेल पिणारा.
जमिनीला बांधला. दोन पूर्णांक एक.
माझ्यातले असे पाय मोजायला घेतले होते,
पण दीड वाजला होता.

रविवारी भीमनाथच्या पुलावर जागा बघायला गेले.
गाळात एक ओंडका.
कठड्याशी शेंगा विकणारा भूपत म्हणाला,
सकाळपासून हललेला नाही.
चार वाजता एक कुत्रं पाण्याशी उतरलं
आणि ओंडक्याला डोळा फुटला.
एकच. शेपूट नाही, जबडा नाही,
जेवढं लागतं तेवढंच जागं झालं.
कुत्रं मागे फिरलं.
डोळा मिटला.
घाई नाही, खंत नाही,
पोटात मागच्या महिन्याचं जेवण अजून पुरतंय.

सोमवारी छोटीची ऑर्डर दिली, दोनशे नग.
तिला शिकवलं: पंधरा मिनिटांनी डोळा उघड,
पाणी होतं तिथेच असेल तर गप्प राहा,
वीतभर चढलं तर मात्र
अख्ख्या शहराची झोप मोड.

किरीटभाईंनी डबी कानाशी धरली, हलवली.
दिवा तर तुम्ही काढला,
जिवंत आहे हे कळणार कसं?
ह्यावर मी दोन दिवस घालवले. खरंच घालवले.
शेवटी एक ओळ वाढवली,
वर्षाला सेलातले अडीच आठवडे खाणारी:
रोज पहाटे चारला, एकदाच,
पलीकडच्या खोलीतला म्हातारा माणूस खोकतो ना,
तेवढं.