आडवी हलते

निवतीचा तांडेल भिवा खवणेकर
मान तिरकी करून बसला.
जबड्याच्या कोनाखाली ओल्या सुपारीएवढी गाठ.
"दुखना नाय ओ, पण रातची वाजता."

दोन बोटांत धरली.
आडवी हलते,
उभी हलत नाही,
दोन्ही टोकांना बांधलेल्या होडीसारखी.

नळी टेकवली तर आत
खडकाच्या घळीत भरती शिरावी तसा आवाज,
त्याच्याच ठोक्याला धरून.

आधीच्या चिठ्ठीवर होतं : सुई घालून तपासा.
ती ओळ मी दोनदा खोडली.
सुई नको. कोल्हापूरला, रंग घालून सीटी.

त्याच्या बायकोनं विचारलं काहीच नाही,
पिशवीचे बंद तेवढे पिळत राहिली.
"कॅन्सर नसावा बहुधा," मी म्हणालो.
'बहुधा' मलाच खारट लागलं.

भिवा सदऱ्याचं बटण लावत उठला.
"तवसर वाजतलीच मगे?"